डॉक्टरांच्या खोलीतली आपली खुर्ची



आज मी हृदयाच्या ऑपरेशनबद्दल बोलणार आहे. घाबरून रेडिओ बंद करू नका. ऑपरेशनच्या टेबलावर काय काय झालं ते मला सांगताच येणार नाही, कारण तेव्हा मी गाढ झोपेत होते. लग्न झाल्यापासून एवढी निवांत झोप मला पहिल्यांदाच मिळाली, असं आमच्या जाऊबाई म्हणतात. मी सांगणार आहे ते त्याच्या आधीच्या दिवसांचं. डॉक्टरांकडे किती फेऱ्या झाल्या, तिथे काय विचारलं, निर्णय कसा घेतला, घरच्यांनी कशी साथ दिली, आणि एवढ्या काळजीत आम्ही हसलो कसे, ते.

मी डॉक्टर नाही की नर्स नाही. माण तालुक्यातल्या एका गावातली शेतकरी बाई आहे. चौदा वर्षं बचत गटात आहे. वय ४८. दोन वर्षांपूर्वी माझ्या हृदयाची एक झडप बदलली. आता मी रानात जाते, भाकऱ्या थापते, गटाचा हिशेब लिहिते आणि तुमच्यासमोर बोलायलाही आले आहे.

सुरुवात दम लागण्यापासून झाली. वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन बांध चढताना धाप लागायची. मग नुसती कळशी आणतानाही लागायला लागली. रात्री आडवं पडलं की जीव घाबरा व्हायचा. एक उशी होती, तिच्या दोन झाल्या, दोनच्या तीन झाल्या, शेवटी भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायची पाळी आली. मधूनच छातीत धडधड सुरू व्हायची, खोकला यायचा. अशा वेळी आपण बायका काय म्हणतो? रक्त कमी असेल, उन्हाचं झालं असेल, आता वय झालं. आमच्या आशाताई मला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन गेल्या. तिथल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, डोळे मिटून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "ताई, ठोक्याबरोबर दुसराच आवाज येतोय. साताऱ्याला जाऊन टूडी इको करून घ्या."

टूडी इको म्हणजे काय ते सांगते. पोटाची सोनोग्राफी असते तशीच छातीची. गार जेली लावतात, वरून यंत्र फिरवतात, आणि पडद्यावर आपलं हृदय हलताना दिसतं. दुखत नाही, सुई नाही. त्यात कळलं की माझी मायट्रल नावाची झडप खराब झाली आहे.

ही झडप म्हणजे नेमकं काय, हे मला डॉक्टरांच्या आधी आमच्या मालकांनी समजावलं. हृदयाला चार खोल्या आणि चार झडपा असतात. ते म्हणाले, "विहिरीतल्या पाइपाच्या तळाला फुटवॉल असतो ना? पाणी वर येऊ देतो, खाली जाऊ देत नाही. तो बिघडला की मोटर नुसती फिरते, पाणी चढत नाही. तुझा फुटवॉल गेलाय." चाळीस वर्षं मोटारी खोलणारा माणूस, त्यांना लगेच समजलं. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांना आम्ही आत्या म्हणतो. त्या म्हणाल्या, "मग त्यात रडायचं काय? नवीन वायसर टाका आन् मोटर चालू करा." आजार कळल्यापासून घरात कुणीतरी पहिल्यांदा हसलं ते तेव्हा.

माझी झडप दोन बाजूंनी बिघडली होती. नीट असती तर उघडल्यावर पाच रुपयांच्या नाण्याएवढी वाट झाली असती. माझी वाट शर्टाच्या बटणाएवढी उरली होती. शिवाय बंद होतानाही फट राहायची, म्हणजे रक्त मागे गळत होतं. मग फुप्फुसात रक्त तुंबतं, आणि म्हणून दम लागतो, आडवं झोपवत नाही.

हे कशामुळे झालं? डॉक्टरांनी विचारलं, "लहानपणी घसा सुजून ताप यायचा का? सांधे सुजले होते का?" मला आठवलं, चौथीत असताना गुडघे सुजून मी महिनाभर शाळेत गेले नव्हते. तोच तो आजार. रुमॅटिक ताप म्हणतात त्याला. घशात एका प्रकारच्या जंतूंचा संसर्ग होतो, त्यावर पुरं औषध झालं नाही तर काही मुलांमध्ये काही आठवड्यांनी सांधे सुजतात आणि हृदयाच्या झडपांनाही सूज येते. सांधे बरे होतात, झडपा मात्र हळूहळू आकसत, कडक होत जातात. त्रास सुरू होतो तो वीस-तीस वर्षांनी, कधी पहिल्या-दुसऱ्या बाळंतपणात. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हा झडपेचा आजार जास्त दिसतो.

आता डॉक्टरांच्या खोलीकडे येते.

पहिल्या मोठ्या दवाखान्यात आम्ही गेलो तेव्हा डॉक्टर रिपोर्ट बघून सगळं मालकांनाच सांगायला लागले. "यांची झडप खराब आहे, यांना ऑपरेशन लागेल, यांना जड काम देऊ नका." मी समोर बसले होते, पण माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. म्हैस दाखवायला नेली की डॉक्टर मालकाशी बोलतात, तसं चाललं होतं. मालकही घाबरून नुसते हो हो करत होते. तेवढ्यात आत्या मागून म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, काळीज हिचं हाय, हिच्याशी बोला की. हा निस्ता माना हालवतोय." डॉक्टर एकदम थांबले. हसले, खुर्ची माझ्याकडे वळवली आणि पहिल्यापासून पुन्हा सांगायला लागले. त्यानंतर आम्ही घरात ठरवूनच टाकलं की डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीत मी बसायचं. बाकीचे बाजूला किंवा मागे.

मैत्रिणींनो, ही गोष्ट वरून साधी दिसते. पण त्या खुर्चीत कोण बसतं यावर पुढचं बरंच ठरतं. आपल्याला किती दम लागतो, रात्री किती वेळा उठतो, पाळीत किती अंगावरून जातं, कुठली गोळी खाल्ली की कसं वाटतं, हे नवऱ्याला माहीत नसतं. ते आपणच सांगायचं असतं. आणि ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सज्ञान, शुद्धीवर असलेल्या बाईची स्वतःची सही लागते. सही आपली, तर समजूनही आपणच घ्यायला हवं.

घरी आल्यावर आम्ही कामं वाटून घेतली, लग्नकार्यात वाटतो तशी. बोलायचं आणि विचारायचं काम माझं. मुलगा कॉलेजात आहे, त्याने वहीत लिहून घ्यायचं. कागदपत्रं आणि पैसा मालकांकडे. एकाच पिशवीत सगळे रिपोर्ट, तारखेप्रमाणे लावलेले, जुने खाली, नवे वर. घर, जनावरं आणि गटाचा हप्ता भरणं जाऊबाईंकडे. आत्यांनी विचारलं, "आन् मी?" मुलगा म्हणाला, "आजी, तू हसवायचं." त्या म्हणाल्या, "ते काय सांगून येतं व्हय?" आणि सगळ्यात चोख काम त्यांनीच केलं.

पुढच्या वेळी पुण्याला मोठ्या सर्जनकडे जायचं होतं. आदल्या रात्री जेवणं झाल्यावर आम्ही सगळे बसलो आणि प्रश्न लिहिले. तुम्हीही लिहून घ्या. आपल्या घरात कुणाला लागू नयेत, पण लागले तर हाताशी असावेत.

पहिला, माझ्या आजाराचं नाव काय आणि तो किती पुढे गेला आहे?

दुसरा, ऑपरेशन केलं नाही तर काय होईल? थांबायचं तर किती दिवस थांबता येईल?

तिसरा, ऑपरेशनशिवाय दुसरा उपाय आहे का?

चौथा, धोका किती? माझं वय, माझी तब्येत धरून सांगा.

पाचवा, ऑपरेशन झाल्यावर आयुष्यभर काय पाळावं लागेल?

सहावा, कामाला कधी लागता येईल?

सातवा, सगळा खर्च किती? योजनेत काय बसतं, काय बसत नाही?

आत्या म्हणाल्या, "माझाबी एक लिहा. हिला चिरल्यावर आत राग सापडला तर तेवढा काढून टाकाल का?" मुलाने तोही लिहिला, आठवा म्हणून. पुण्याचे सर्जन वही वाचत वाचत आठव्यावर आले आणि मोठ्याने हसले. म्हणाले, "आजी, रागाची पिशवी वेगळी असते, ती आमच्याकडे नाही." त्यानंतर त्या खोलीतला ताणच उतरला. मला जे विचारायचं धाडस होत नव्हतं ते मी विचारलं, "साहेब, मी वाचेन का?"

त्यांनी टाळलं नाही. म्हणाले, "ताई, तुमच्यासारख्या शंभर जणींचं हे ऑपरेशन केलं तर तीन-चार जणींना जिवाचा धोका असतो. आणि केलं नाही तर हृदय दरवर्षी थकत जाईल." खोलीत शांतता झाली. मालकांनी बोटावर हिशेब केला आणि म्हणाले, "म्हणजे शहाण्णव जणी घरी येतात. आमच्या डाळिंबालासुद्धा एवढी खात्री नसते." मला रडू आणि हसू एकदमच आलं. पण आकडा समजला. अंधारात बसून भिण्यापेक्षा तो बरा वाटला.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं मिळालं. झडप नुसती आकसली असेल, फार कडक झालेली नसेल आणि जास्त गळत नसेल, तर मांडीच्या शिरेतून नळी घालून फुग्याने ती उघडता येते. छाती उघडावी लागत नाही. माझी झडप कडकही होती आणि गळतही होती, म्हणून माझ्यासाठी तो रस्ता नव्हता. पण विचारलं म्हणून कळलं. काही वेळा जुनी झडप दुरुस्तही करता येते. तेव्हा हे विचारल्याशिवाय राहू नका.

आमचं सगळ्यात जास्त बोलणं झालं ते कुठली झडप घालायची यावर. दोन प्रकार असतात. एक धातू किंवा कार्बनची, यंत्रासारखी. ती फार वर्षं टिकते. पण तिच्यावर रक्ताची गुठळी बसू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर रोज घ्यावी लागते, आणि आयएनआर नावाची रक्ताची तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते. दुसरी झडप जनावराच्या पेशींपासून बनवलेली, डुकराची झडप किंवा गाई-बैलाच्या हृदयावरच्या आवरणाची. तिच्यासाठी ती गोळी बहुतेकांना जन्मभर लागत नाही, पण ती साधारण दहा-पंधरा वर्षांत झिजते. वय कमी असेल तर त्याहून लवकर. मग पुन्हा ऑपरेशन.

जनावराचं नाव निघाल्यावर आम्ही सगळे आत्यांकडे बघायला लागलो. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ, आषाढीची वारी कधी चुकली नाही. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "जी पोरीला जगवंल ती घाला. माझ्या माळेला इचारू नका." त्या दिवसापासून माझ्या मनात आत्यांची जागा आणखी वर गेली.

शेवटी मी यांत्रिक झडप निवडली. माझं वय ४६ होतं, दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा छाती उघडायची माझी तयारी नव्हती, आणि आणखी मूल नको होतं. शेवटची गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ऐकणाऱ्यांत तरण्या मुली आहेत. ही रक्त पातळ करणारी गोळी गरोदरपणात बाळाला धोक्याची ठरू शकते. म्हणून ज्यांना मूल हवं आहे, त्यांनी झडप निवडण्याआधीच डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगायचं. लाजायचं नाही, आणि सासू किंवा नवरा सांगेल म्हणून वाट बघायची नाही.

एक अभिमानाची गोष्ट. यांत्रिक झडप आपल्या देशातही बनते. केरळात तिरुवनंतपुरमला श्री चित्रा तिरुनाल संस्था आहे. तिथे डॉक्टर वलियाथन आणि त्यांच्या सोबत्यांनी कितीतरी वर्षं खपून ती तयार केली, आणि डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्यांदा एका रुग्णाला बसवली. बाहेरून येणाऱ्या झडपांपेक्षा ती स्वस्त पडते.

आता पैशाचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना तुम्ही ऐकली असेल. २०१२ मध्ये ती आठ जिल्ह्यांत दुसऱ्या नावाने सुरू झाली, पुढे सगळ्या महाराष्ट्रात आली. आता तिच्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे, आणि हृदयाची ऑपरेशनं त्यात आहेत. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी त्याला भेटायचं. डॉक्टर कागद पाठवतात, मंजुरी येते, मग तारीख मिळते. दवाखाना योजनेत आहे का, हे भरती होण्याआधीच विचारायचं. रेशनकार्डावर नाव नसेल, आधारवर माहेरचं आणि रेशनवर सासरचं नाव असेल, तर ते घरी असतानाच दुरुस्त करून ठेवायचं. आजार आल्यावर तहसील कचेरीच्या फेऱ्या जमत नाहीत. आणि योजना उपचाराची सोय करते, पण पुण्याला राहणाऱ्या नातेवाइकांचं खाणं, खोली, एसटीचं भाडं हे निघतच राहतं. त्यासाठी आमच्या गटाने मला १०,००० रुपये कर्ज दिलं. तो हप्ता मी आता दर महिन्याला भरते आणि भरताना बरं वाटतं.

ऑपरेशनआधीच्या तपासण्यांत एक गंमत झाली. सर्जन म्हणाले, "आधी दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन या." मालकांना वाटलं ते चुकीच्या बाईशी बोलताहेत. पण ते खरंच असतं. किडलेल्या दातातले जंतू रक्तातून नव्या झडपेवर जाऊन बसू शकतात, म्हणून दात आधी नीट करून घेतात. आत्या म्हणाल्या, "मला एकबी दात न्हाई, म्हंजी मी कवाबी तयार हाय." चाळिशीच्या पुढे ऑपरेशनआधी बहुतेक वेळा अँजिओग्राफीही करतात, हृदयाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत का बघायला. आणि रक्त लागतं. आमच्या भावकीतली आठ पोरं रक्त द्यायला आली. त्यातला सर्वांत धिप्पाड सुई बघून चक्कर येऊन पडला. वॉर्डातल्या सगळ्या पेशंटना तो दिवस अजून आठवत असेल.

आता पाहुण्यांचं बोलू. आजार कळला की घरी माणसांची रीघ लागते. माया असते, पण बोलणं कसं असतं? "आमच्या साडूच्या भावाचं असंच ऑपरेशन झालं, टेबलावरच गेला बिचारा." हे ऐकवायला तीन किलोमीटर चालत येतात आणि वर चहाही पितात. आत्यांनी ओसरीवर खाट टाकली आणि तिथेच ठाण मांडलं. येणाऱ्याला पहिल्यांदा विचारायच्या, "तुमच्या गोष्टीतला माणूस जगला का मेला? जगला असंल तर आत जावा. मेला असंल तर हितंच सांगा, मी ऐकते." अर्ध्या लोकांनी ओसरीवरच चहा घेतला.

पण हसण्याचीही एक रीत असते, ती आम्ही न ठरवता पाळली. विनोद आजारावर करायचा, दवाखान्यावर करायचा, आपल्या घाबरटपणावर करायचा. आजारी माणूस रडत असेल तर त्याला हसवून गप्प करायचं नाही. तिला आधी रडू द्यायचं. "काही होत नाही गं, उगाच घाबरतेस" असं म्हटलं की बाई बोलायचीच बंद होते. भरती झाल्यावर एका रात्री मी मालकांना सांगत होते, मुलाची फी कुठल्या डब्यात आहे, लेकीच्या दिवाळीला साडी कुठली द्यायची, माझ्या गटाच्या पासबुकाचं काय करायचं. त्यांनी एकदाही "असं बोलू नको" म्हटलं नाही. सगळं ऐकलं, वहीत लिहिलं. मग म्हणाले, "लिहिलंय. पण अक्षर माझंच मला लागत नाही, तेव्हा तूच परत ये." मी शांत झोपले. ते रात्रभर बाहेरच्या बाकावर जागे होते, हे मला मुलाने नंतर सांगितलं.

ऑपरेशननंतर काय होतं हे आधी विचारून ठेवलं होतं, त्याचा फार उपयोग झाला. छातीचं मधलं हाड उघडतात. शस्त्रक्रिया चालू असताना शरीराला रक्त पुरवण्याचं काम यंत्र करतं. नंतर हाड तारेने बांधतात. जाग येते तेव्हा तोंडात श्वासाची नळी असते, त्यामुळे बोलता येत नाही, छातीला नळ्या लावलेल्या असतात. हे माहीत होतं म्हणून मी घाबरले नाही. बोलता येत नव्हतं तेवढ्या वेळात घरातल्यांनी आपापली मतं मांडून घेतली, असं जाऊबाई म्हणतात. मग तीन गोळ्यांचं ते फुंकणीसारखं खेळणं देतात. ते फुंकायचं नसतं, श्वास आत ओढून गोळ्या वर उचलायच्या असतात. फुप्फुसं उघडावीत म्हणून. खोकताना छातीशी उशी घट्ट धरायची. दीड-दोन महिने हाड जुळेपर्यंत कळशी नाही, भारा नाही, दळणाचा डबा नाही, नातवालाही उचलायचं नाही. त्या काळात मालक भाकरी थापायला शिकले. पहिल्या भाकरीचा नकाशा कुठल्या राज्याचा होता यावर घरात अजून वाद आहे.

आणि आता माझं रोजचं. झडपेची टिकटिक रात्री शांततेत ऐकू येते. सुरुवातीला झोप लागायची नाही. नातू चार वर्षांचा, कान लावून म्हणाला, "आज्जीच्या आत घड्याळ हाय." आता तो आवाज आला की बरं वाटतं, मोटर चालू आहे. गोळी रोज एकाच वेळी, रात्री जेवणानंतर. आयएनआर माझ्यासाठी अडीच ते साडेतीनच्या मध्ये ठेवायला सांगितलं आहे, ते दर महिन्याला तपासते. तपासणीची वही वेगळी. मेथी, शेपू, पोकळा, शेवग्याचा पाला या पालेभाज्यांचा त्या गोळीवर परिणाम होतो. म्हणून त्या बंद करायच्या नाहीत, पण एका आठवड्यात रोज आणि दुसऱ्या आठवड्यात मुळीच नाही, असंही करायचं नाही. साधारण सारख्या खायच्या. अंगदुखीची गोळी दुकानातून आणून खायची नाही, झाडपाल्याचं औषध घ्यायचं नाही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही नाही. दात काढायचा असला, कुठलंही ऑपरेशन असलं, तर झडप बसवलेली आहे हे आधी सांगायचं. हिरड्यांतून रक्त, काळी शी, पाळीत फार जास्त रक्त गेलं तर लगेच दाखवायचं. आणि एकदम दम लागला, एक हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं किंवा टिकटिक मंद झाली, तर सकाळची वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा.

शेवटी तुमच्या लेकरांसाठी एक सांगते. मुलाचा घसा सुजून ताप आला, गिळायला दुखतं म्हणाला, तर सरकारी दवाखान्यात न्या, आणि डॉक्टरांनी जितक्या दिवसांचं औषध दिलं ते सगळे दिवस द्या. बरं वाटलं म्हणून तिसऱ्या दिवशी बंद करू नका. घसा दुखून गेल्यावर एका मागून एक सांधे सुजले, धाप लागली, तर हृदय तपासून घ्या. असा आजार झालेल्या मुलांना पेनिसिलिनचं इंजेक्शन दर २१ दिवसांनी, काही वर्षं घ्यावं लागतं, म्हणजे तो ताप पुन्हा येऊन झडपा आणखी खराब करत नाही. ते इंजेक्शन दुखतं, मूल रडतं. तरी चुकवू नका. त्या इंजेक्शनच्या तारखा गटाच्या बैठकीत एकमेकींना आठवण करून देता येतात, हप्त्याची आठवण करून देतो तशाच.

आणि गटातल्या कुणाला मोठ्या डॉक्टरांकडे जायचं असेल तर तिला एकटी पाठवू नका. एक जण वही घेऊन सोबत जा. आदल्या दिवशी तिच्याजवळ बसून तिचे प्रश्न लिहून घ्या. समजलं नाही तर "साहेब, पुन्हा सांगा" म्हणा. ऑपरेशन ठरण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावंसं वाटलं तर घ्या, त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही. तिला समोरच्या खुर्चीत बसवा, आणि बोलू द्या. घरात आमच्या आत्यांसारखी म्हातारी असेल तर तिलाही घेऊन जा.

आत्या आता ८१ वर्षांच्या आहेत आणि हे बोलणं घरी रेडिओवर ऐकणार आहेत. काल त्यांनी सांगून ठेवलंय, "माझं नाव चांगलं घे, न्हाईतर रात्री तुझी टिकटिक मोजीन आन् कमी भरली तर डॉक्टरला सांगीन." तेव्हा आत्या, तुमचं चांगलंच सांगितलं आहे.

मैत्रिणींनो, दम लागत असेल तर उद्याच दाखवून घ्या.